पेन ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर : इन्स्टॉल न करता चालणारे प्रोग्राम शाळेसाठी कसे तयार करावेत?



आजच्या पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या आठवीतल्या एका मुलीने भाषेच्या प्रकल्पासाठी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. तालुक्याला तिच्या मामांकडे संगणक आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बसून तिने ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये ते रेकॉर्डिंग नीट केलं. खोकल्याचे आवाज काढले, मध्येच आरवलेला कोंबडा काढला, दोन ओव्यांच्या मध्ये स्वतःच्या आवाजात माहिती घातली. सादरीकरणाच्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन आली.

पेन ड्राइव्ह शाळेच्या संगणकाला लावला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक प्रकल्पाची फाईल आणि एक ऑडॅसिटीचं चिन्ह. चिन्हावर डबल क्लिक केलं, तर मूळ प्रोग्राम सापडत नाही असा संदेश आला. प्रकल्पाची फाईल उघडायला शाळेत ऑडॅसिटीच नव्हतं. इन्स्टॉल करायला गेलो, तर संगणक ॲडमिनचा पासवर्ड मागू लागला. तो पासवर्ड संगणक बसवून देणाऱ्या माणसाबरोबरच निघून गेलेला!

मुलगी म्हणाली, "सर, मी तर सॉफ्टवेअरपण कॉपी करून आणलं होतं."

तिने आणलं होतं ते सॉफ्टवेअर नव्हतंच. तो होता शॉर्टकट. आकार दोन केबी. पण हा फरक तिला सांगायचा कोणी? मीच ना! पाचवीपासून मी या मुलांना फाईल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, कॉपी-पेस्ट कसं करायचं हे शिकवत आलो. 'प्रोग्राम संगणकात राहतो कुठे?' हे मात्र कधीच शिकवलं नाही. तिची पाळी आली तेव्हा तिने ओव्या वहीतून वाचून दाखवल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण आजीचा आवाज काही वर्गापर्यंत पोहोचला नाही.

म्हणून हा पाठ. तो दोन भागांत समजून घेऊ. आधी सॉफ्टवेअर नुसतं कॉपी करून का चालत नाही ते पाहू. मग ते पेन ड्राइव्हवरून चालेल असं कसं तयार करायचं ते पाहू. ज्या शाळेत इंटरनेट येतं-जातं, संगणक मोजकेच आहेत आणि पासवर्ड आपल्या हातात नाही, तिथे हे फार उपयोगी पडतं.

१. शॉर्टकट म्हणजे घराची पाटी

डेस्कटॉपवर दिसणारी बरीचशी चिन्हं म्हणजे शॉर्टकट असतात. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो, तीच त्याची खूण. शॉर्टकटमध्ये फक्त पत्ता लिहिलेला असतो : 'सी ड्राइव्हमध्ये जा, प्रोग्राम फाईल्स फोल्डरमध्ये जा, तिथे अमुक प्रोग्राम आहे, तो सुरू कर.' दाराबाहेरची नावाची पाटी काढून दुसऱ्या गावाला नेली म्हणून घर काही तिथे जात नाही. आमच्या मुलीने पाटी आणली होती, घर मामांकडेच राहिलं होतं.

मुलांना हे दाखवायला एक सोपा प्रयोग आहे. शॉर्टकटवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा. आकार एक-दोन केबी दिसेल. मग त्यातच 'ओपन फाईल लोकेशन' दाबा. खरा प्रोग्राम असलेलं फोल्डर उघडेल. त्या फोल्डरचा आकार पाहा. तो एमबीमध्ये असतो, कधी शेकडो एमबी. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की मुलं पुन्हा विसरत नाहीत.

२. मग अख्खं फोल्डर उचलून नेलं तर?

पूर्वी हे चालायचं. डॉसच्या काळात ज्यांनी संगणक शिकला, त्यांना आठवत असेल. १.४४ एमबीची फ्लॉपी, त्यात प्रोग्रामच्या चार फाईली. फ्लॉपी कुठल्याही संगणकात घाला आणि प्रोग्राम सुरू करा. पुढे विंडोज आलं, प्रोग्राम मोठे झाले आणि विंडोज ९५ पासून रजिस्ट्रीचा वापर सर्रास सुरू झाला. तेव्हापासून एक प्रोग्राम साधारणपणे चार ठिकाणी विखुरलेला असतो :

(अ) मुख्य फोल्डर : सी ड्राइव्हमधल्या प्रोग्राम फाईल्समध्ये. इथे खुद्द प्रोग्राम असतो.

(आ) ॲपडेटा फोल्डर : प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात लपवलेलं असतं. आपण निवडलेली भाषा, अक्षराचा आकार, शेवटी उघडलेल्या फाईली अशा सवयी इथे साठतात.

(इ) रजिस्ट्री : ही विंडोजची मोठी नोंदवही. कोणता प्रोग्राम कुठे आहे, कोणत्या प्रकारची फाईल कशात उघडायची, अशा नोंदी यात असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जशी प्रत्येक मुलाची नोंद, तसंच हे.

(ई) सामायिक साहित्य : काही प्रोग्रामना जावा किंवा डॉटनेट यांसारखी आधार देणारी सॉफ्टवेअर आधीपासून संगणकात असावी लागतात. ती त्यांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये नसतात.

इन्स्टॉल करणं म्हणजे या सगळ्या ठिकाणी वस्तू ठेवणं आणि नोंदी करणं. यातल्या काही जागा फक्त ॲडमिनलाच उघडता येतात, म्हणून पासवर्ड लागतो. आपण फक्त (अ) उचलून नेलं, तर बाकीचे तीन मागे राहतात. कधी प्रोग्राम सुरूच होत नाही, कधी अर्धवट चालतो, कधी आपली सगळी सेटिंग्ज हरवलेली दिसतात.

३. 'पोर्टेबल' म्हणजे नेमकं काय?

पोर्टेबल सॉफ्टवेअर म्हणजे असा प्रोग्राम की जो स्वतःचं सगळं सामान एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. तो त्या संगणकावर यजमानाकडे आलेल्या पाहुण्यासारखा वागतो. चांगला पाहुणा कसा असतो? स्वतःचं अंथरूण-पांघरूण घेऊन येतो, यजमानाच्या कपाटात हात घालत नाही आणि जाताना सगळं सामान बरोबर नेतो.

यासाठी प्रोग्रामला तीन गोष्टी जमाव्या लागतात.

पहिली, सवयी स्वतःजवळ ठेवणं. सेटिंग्ज ॲपडेटामध्ये किंवा रजिस्ट्रीत न लिहिता आपल्याच फोल्डरमधल्या फाईलमध्ये लिहिणं.

दुसरी, पत्ता सापेक्ष ठेवणं. पेन ड्राइव्हला एका संगणकावर 'ई' अक्षर मिळतं, दुसऱ्यावर 'एफ', तिसऱ्यावर 'एच'. प्रोग्रामने 'ई ड्राइव्हमधली अमुक फाईल' असं पाठ करून ठेवलं, तर दुसऱ्या संगणकावर तो वाट चुकणार. त्याऐवजी 'मी जिथे आहे, त्याच्या शेजारच्या फोल्डरमधली फाईल' असं लक्षात ठेवलं, तर गाव बदललं तरी शेजारी तोच राहतो.

तिसरी, ॲडमिनच्या परवानगीशिवाय चालणं. म्हणजे विंडोजच्या मुख्य फोल्डरमध्ये काही लिहायची गरज न पडणं.

४. पोर्टेबल करण्याचे तीन मार्ग

मार्ग पहिला : प्रोग्राममध्येच सोय असते. हा मला सर्वांत आवडतो, कारण मुलांना समोर करून दाखवता येतो. ऑडॅसिटीचंच उदाहरण घ्या. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर इन्स्टॉलरबरोबरच झिप फाईलही मिळते. ती पेन ड्राइव्हवर उलगडा. आता ज्या फोल्डरमध्ये ऑडॅसिटीची ईएक्सई फाईल आहे, तिथेच 'पोर्टेबल सेटिंग्ज' नावाचं रिकामं फोल्डर तयार करा. नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत, दोन शब्दांमध्ये एक जागा सोडून. झालं! प्रोग्राम सुरू होताना शेजारी हे फोल्डर आहे का ते पाहतो. असेल तर आपल्या सवयी त्यात लिहितो, नसेल तर संगणकाच्या ॲपडेटामध्ये लिहितो. एका रिकाम्या फोल्डरने प्रोग्रामचं वागणं बदलतं.

कोडिंग शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्येही असंच आहे. झिप आवृत्ती उलगडून त्यात 'डेटा' नावाचं फोल्डर केलं की सेटिंग्ज आणि जोडलेली एक्स्टेन्शन्स त्यात राहतात. नोटपॅड प्लस प्लसची पोर्टेबल झिपही मिळते, त्यात ही सोय आधीच केलेली असते.

मार्ग दुसरा : कुणीतरी तयार करून ठेवलेलं वापरणं. पोर्टेबलॲप्स डॉट कॉम हे यासाठी जुनं आणि नावाजलेलं ठिकाण. जॉन हॅलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर पेन ड्राइव्हवरून चालेल असा केला, त्यातून हे काम वाढत गेलं. इथून घेतलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर ठरावीक मांडणीत असतं : 'ॲप' फोल्डरमध्ये प्रोग्राम, 'डेटा' फोल्डरमध्ये तुमच्या सवयी, आणि बाहेर एक छोटा लाँचर, म्हणजे सुरू करून देणारा प्रोग्राम.

हा लाँचर काम कसं करतो ते समजून घेण्यासारखं आहे. समजा यजमान संगणकावर तेच सॉफ्टवेअर आधीपासून आहे. लाँचर आधी तिथल्या सेटिंग्ज बाजूला जपून ठेवतो. मग तुमच्या सेटिंग्ज मांडतो आणि प्रोग्राम सुरू करतो. तुम्ही प्रोग्राम बंद केलात की तुमच्या बदललेल्या सेटिंग्ज उचलून पेन ड्राइव्हवर ठेवतो आणि यजमानाच्या होत्या तशा लावून देतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रांधून, भांडी घासून जागच्या जागी ठेवावीत, तसं. म्हणूनच प्रोग्राम बंद न करता पेन ड्राइव्ह उपटला, तर हा सगळा आवराआवरीचा भाग अर्धवट राहतो. मुलांना 'असं करू नका' एवढंच सांगण्यापेक्षा हे कारण सांगा, ते पाळतात.

मार्ग तिसरा : जो प्रोग्राम पोर्टेबल नाही त्याच्यासाठी स्वतः लाँचर लिहिणं. हे जमतं, पण प्रोग्राम कुठे-कुठे काय लिहितो ते आधी शोधावं लागतं. शाळेच्या कामासाठी सहसा याची गरज पडत नाही.

काही सॉफ्टवेअर मात्र पोर्टेबल करण्याच्या भानगडीत पडू नका. प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, अँटिव्हायरस, आणि ज्यांचा परवाना एकाच संगणकाला बांधलेला आहे अशी सॉफ्टवेअर. यांची मुळं विंडोजमध्ये खोल गेलेली असतात.

५. शाळेचा पेन ड्राइव्ह तयार करू या

पायरी १ : १६ किंवा ३२ जीबीचा चांगला पेन ड्राइव्ह घ्या. यूएसबी ३ असेल तर उत्तम. यूएसबी २ चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३ चा ५ गिगाबिट. प्रत्यक्षात पेन ड्राइव्ह याहून बराच हळू चालतो, पण फरक जाणवतो. संगणकावरचा निळ्या रंगाचा पोर्ट बहुधा यूएसबी ३ चा असतो.

पायरी २ : फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल बसत नाही. आणि हो, फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं. आधी जपून ठेवायचं ते दुसरीकडे उतरवून घ्या.

पायरी ३ : सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा. माझ्या पेन ड्राइव्हवर सध्या ही आहेत :

– लिब्रेऑफिस पोर्टेबल : लेखन, निकालाचे तक्ते, स्लाइड.
– फायरफॉक्स पोर्टेबल : ब्राउझर. शाळेत अजून विंडोज ७ असेल, तर फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. त्यापुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत.
– व्हीएलसी : कोणताही व्हिडिओ-ऑडिओ चालवायला.
– ऑडॅसिटी : आवाजाच्या कामासाठी.
– जिओजेब्रा क्लासिक ५ ची पोर्टेबल आवृत्ती : भूमिती आणि आलेख.
– टक्स पेंट : पहिली ते चौथीच्या मुलांना चित्रं काढायला.
– किविक्स : इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायला. मराठी विकिपीडियाही यात उतरवून ठेवता येतो. मोठे ज्ञानकोश घेतले की फाईल ४ जीबीच्या सहज पुढे जाते, एक्सफॅट निवडायचं ते यासाठीच.

शाळेचे संगणक ३२ बिटचे आहेत की ६४ बिटचे, तेही आधी पाहा. ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिट विंडोजवर चालत नाही.

पायरी ४ : पेन ड्राइव्हवर तीनच फोल्डर ठेवा : 'सॉफ्टवेअर', 'मुलांचं काम', 'शिक्षकांचं काम'. फायली सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये कधीही साठवू नका. पुढे आवृत्ती बदलताना त्या पुसल्या जाण्याची भीती असते.

पायरी ५ : दोन वेगवेगळ्या संगणकांवर चालवून पाहा. कार्यक्रमाच्या दिवशी नाही, आदल्या आठवड्यात.

पायरी ६ : सगळ्याची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवा. पेन ड्राइव्ह हरवतो, धुण्यात जातो, एक दिवस अचानक बंदही पडतो. पोर्टेबल सॉफ्टवेअरचा मोठा फायदा हाच की जपून ठेवलेलं फोल्डर नव्या पेन ड्राइव्हवर कॉपी केलं की काम झालं.

एक युक्ती सांगतो. यूएसबी २ च्या पोर्टवर लिब्रेऑफिस उघडायला बराच वेळ लागतो. अशा वेळी त्याचं फोल्डर तात्पुरतं डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथून चालवा. तास संपला की काम पेन ड्राइव्हवर परत घ्या आणि डेस्कटॉपवरचं फोल्डर काढून टाका.

६. मराठी फाईलीचं काय?

सॉफ्टवेअर पोहोचलं, पण फाईल उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसली, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. याचं कारण जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट. त्यात अक्षर 'क' म्हणून साठवलेलं नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी चिन्ह आणि फॉन्ट त्याला 'क' चा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. यावर एकच पक्का उपाय : युनिकोडमध्ये टाइप करा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमधून जोडावा लागतो.

युनिकोडमध्ये एखादा सुंदर फॉन्ट वापरला असेल, तर लिब्रेऑफिसमध्ये फाईल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्ट दस्तऐवजातच समाविष्ट करायची खूण करा. फक्त वाचायची किंवा छापायची फाईल असेल, तर पीडीएफ करून ठेवा.

तोच नियम आवाजाला. ऑडॅसिटीची प्रकल्प-फाईल फक्त ऑडॅसिटीतच उघडते. काम पूर्ण झालं की एमपी३ मध्येही एक्स्पोर्ट करून ठेवायचं. आमच्या मुलीने तेवढं जरी केलं असतं, तरी त्या दिवशी निभावलं असतं. पण ते सांगणंही माझंच काम होतं.

७. पाहुण्याने आजार आणू नये

पेन ड्राइव्ह दहा संगणकांना लागतो, म्हणून दहा ठिकाणचं दुखणं घेऊन येतो. २००८ मध्ये पसरलेला कॉन्फिकर हा व्हायरस पेन ड्राइव्हमधूनही पसरत होता. तेव्हा पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू करून देणारी ऑटोरनची सोय विंडोजमध्ये होती. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ती बंद झाली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट आला. त्यामुळे आज पोर्टेबल सॉफ्टवेअर आपणच डबल क्लिक करून सुरू करायचं. आपोआप काही सुरू झालं, तर ती सोय समजू नका, धोका समजा.

आपल्याकडे नेहमी भेटतो तो 'शॉर्टकट व्हायरस'. पेन ड्राइव्हमधली फोल्डर अचानक शॉर्टकट झालेली दिसतात. घाबरून फॉरमॅट करू नका. बहुतेक वेळा मूळ फायली तिथेच लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरसने तपासा, मग लपलेल्या फायली दाखवायची सोय चालू करून त्या बाहेर काढा. इथेही पहिला धडा कामी येतो : शॉर्टकट आणि खरी वस्तू यातला फरक ज्याला कळतो, तो फसत नाही. फाईलच्या नावामागचा प्रकार दिसेल अशी सेटिंग ठेवायची सवय मुलांनाही लावा. 'फोटो' असं नाव आणि मागे ईएक्सई असेल, तर तो फोटो नव्हे.

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पत्ते, शाळेच्या पोर्टलचे पासवर्ड उघड्या पेन ड्राइव्हवर ठेवू नका. पोर्टेबल ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही पेन ड्राइव्हबरोबर फिरतात आणि तो हरवला तर तेही हरवतात. फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावा, किंवा पासवर्डसाठी कीपासची पोर्टेबल आवृत्ती वापरा. ती सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये ठेवते.

८. परवानगी आणि परवाना

हे दोन शब्द सारखे वाटतात, पण दोन्ही लागतात.

परवानगी यजमानाची. ॲडमिनचा पासवर्ड नसताना प्रोग्राम चालतो, म्हणून तो गुपचूप चालवायचा असं नाही. शाळेत मुख्याध्यापकांना, सायबर कॅफेत मालकांना, दुसऱ्याच्या घरी घरच्यांना विचारा. काही कार्यालयांत पेन ड्राइव्हवरून प्रोग्राम चालवणं मुद्दाम बंद केलेलं असतं. तिथे पळवाट शोधू नका.

परवाना सॉफ्टवेअरचा. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, ऑडॅसिटी ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती कॉपी करून मुलांना, पालकांना खुशाल द्या. पण इंटरनेटवर महागड्या सॉफ्टवेअरचीही 'पोर्टेबल' म्हणून फोडलेली गाठोडी मिळतात. ती चोरी तर आहेच, शिवाय आत काय बांधलं आहे याची खात्री नाही. मुलांसमोर आपण काय वापरतो, त्यातूनही ती शिकत असतात.

९. वर्गासाठी एक तासिका

सातवी ते नववीच्या मुलांना ४० मिनिटांत हे करून घेता येतं. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक प्रोग्राम द्या आणि तीन परीक्षा घ्यायला सांगा :

– परीक्षा पहिली : ज्या संगणकावर हा प्रोग्राम कधीच इन्स्टॉल केलेला नाही, तिथे तो सुरू होतो का?
– परीक्षा दुसरी : एक सेटिंग बदला. प्रोग्राम बंद करा, पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढा, दुसऱ्या संगणकाला लावा. बदललेलं सेटिंग टिकलं का?
– परीक्षा तिसरी : पहिल्या संगणकाच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये त्या प्रोग्रामच्या नावाचं नवीन फोल्डर मागे राहिलं का?

तिन्हींत पास, तो खरा पोर्टेबल. ऑडॅसिटी 'पोर्टेबल सेटिंग्ज' फोल्डर न करता एकदा आणि करून एकदा तपासायला सांगा. निकालातला फरक मुलं स्वतः शोधतात, आपल्याला काही सांगावं लागत नाही.

शेवटी

पालकहो, मूल घरी चार दिवस बसून संगणकावर काही करतं, तेव्हा ते शाळेपर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न एकदा विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, मूल म्हणतं 'मी कॉपी करून आणलं होतं', तेव्हा त्याची चूक शोधण्याआधी आपण काय शिकवायचं राहून गेलं ते पाहा.

जानेवारीत आमच्याकडे पालकसभा झाली. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्याच मुलीने, त्याच संगणकावर, या वेळी खरं ऑडॅसिटी असलेला पेन ड्राइव्ह लावला. पासवर्ड कुणी मागितला नाही. आजी पुढच्या रांगेत बसली होती. ओव्या संपल्यावर ती नातीला म्हणाली, "माझा आवाज एवढा घोगरा हाय व्हय गं?"

सगळे हसले. माझी चूक दुरुस्त व्हायला दोन महिने लागले, पण झाली.

तुम्हीही आपल्या शाळेचा असा एक पेन ड्राइव्ह तयार करून पाहा. काय अडलं, काय जमलं, जरूर कळवा.